प्रमुख गाडीत

१

कार्ड चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं. चढताना मशीन एकदा वाजतं, उतरताना दोनदा. शिकायचं होतं ते एवढंच. २००७ साली हिंगोली स्टेशन ते सिद्धेश्वर धरण अशा 'नगरवाहिनी'च्या हिरव्या छोट्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा गायरान थांब्यावरच्या बायका ते दोन दिवसांत शिकल्या. करुणाला मात्र त्या आवाजाचा पहिल्याच महिन्यात तिटकारा बसला.

कारण तिचा नवरा, भिवाजी. तो बियाण्याच्या गोदामावर राखणदार होता आणि नियम वाचायची त्याला भारी हौस. त्यानं कुटुंबाचं कार्ड काढलं. त्याचं स्वतःचं प्रमुखाचं, करुणाचं आणि पोरगी सरिताचं त्याला जोडलेलं. या कार्डाचे दोन नियम होते. प्रमुख त्याच गाडीत असला, तर घरच्यांना निम्मं भाडं. आणि दर रविवारी प्रमुखाला खिडकीवर चिठ्ठी मिळायची. कोण कुठं चढलं, किती वाजता उतरलं, सगळं छापून.

रविवारी सकाळी भिवाजी ती चिठ्ठी घेऊन बाजेवर बसायचा. चष्मा लावायचा. नाकानं एक लांब श्वास ओढून घ्यायचा आणि मग विचारायचा.

"बुधवारी सव्वापाचला उतरलीस. घरात पावणेसहाला. थांब्यापासून घर सात मिनिटांचं. बाकीची तेवीस मिनिटं कुठं व्हतीस?"

करुणा सांगायची, चांगुणाशी बोलत उभी होते. मग तो चपला घालून शेजारच्या चांगुणाला विचारून यायचा. आवाज कधी चढवायचा नाही. अठरा वर्षांत हात त्यानं दोनदाच उचलला होता, पुढं त्याची गरजच पडली नाही. करुणा हिंगोलीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. रोज दीडशे भाकरी थापणारी बाई, पण रविवारी सकाळी तिचे हात गार पडायचे.

दुसऱ्या वर्षी सरिता अकरावीला गेली आणि तो तिचीही चिठ्ठी वाचायला लागला.

त्याच वर्षी डिसेंबरात, एका दुपारी हिंगोलीहून घरी येताना भिवाजी गाडीतच गेला. दाराजवळच्या एकट्या सीटवर बसला होता. गायरान आलं तरी उठेना, म्हणून ड्रायव्हर किसनसिंगनं हाक मारली, मग खांद्याला हात लावला. गाडी तशीच मागं फिरवली. दवाखान्याच्या दारात दार अरुंद पडलं म्हणून चार माणसांनी त्याला मागच्या खिडकीतून फळीवर पालथं घालून बाहेर काढलं. आत डॉक्टरांनी सदरा तसाच पाठीकडून कात्रीनं उभा कापला, उताणं करून छाती दाबून पाहिली आणि हात धुतले. कार्डाची आठवण कुणाला येणार?

करुणा रडली. लोक बघत होते म्हणून रडली, हे तिला एकटीला ठाऊक. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी तिनं थांब्यावर दोन रुपयांच्या शेंगा घेतल्या आणि तिथंच दगडावर बसून एकेक सोलून खाल्ल्या. चांगला अर्धा तास. कुणी विचारणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती कामावर निघाली. किसनसिंगचीच गाडी आली. कार्ड टेकवलं, मशीन वाजलं. गायरान ते हिंगोली नऊ रुपये. मशीनवर चार पन्नास आले. खाली हिरव्या अक्षरांत ओळ उमटली.

निम्मे भाडे. प्रमुख गाडीत.

तिला भीती वाटली नाही. मस्तकात तिडीक गेली. मेल्यावरसुद्धा!

२

पहिला आठवडा तिनं स्वतःला समजावलं, मशीन बिघडलंय. दुसऱ्या कुठल्याही गाडीत पूर्ण नऊ रुपये जायचे. फक्त किसनसिंगच्या गाडीत निम्मे. म्हणजे त्या एका मशीनचाच दोष, दुसरं काय? पण तिच्या आणि सरिताच्या वेळेला तीच गाडी असायची. सकाळी सातला सरिता कॉलेजला आणि करुणा कामावर त्याच गाडीनं जायच्या; परतताना सरिता त्याच गाडीत असायची, करुणा दुसऱ्या गाडीनं यायची. सरिताचेही निम्मेच कापले जात होते.

शेवटी ती स्टेशनजवळच्या खिडकीवर गेली. तिथं प्रभू नावाचा पंचविशीचा पोरगा बसायचा. बोलायला गोड.

"मशीन दुरुस्त करा," करुणा म्हणाली. "पैसे कमी घेऊन राहिलं."

प्रभू हसला. "असं सांगायला येणाऱ्या तुमी पहिल्याच, मावशी." त्यानं तिचं कार्ड टेकवलं, पडद्याकडं पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "मशीन बराबर हाय. काकांचा प्रवास उघडा हाय. ते चढले, पर उतरले न्हाईत."

"उतरले न्हाईत म्हणजे? चार माणसांनी उचलून उतरवलं त्यांना! मेला माणूस तो!"

"ठाव हाय, मावशी. वाईट झालं. पर मशीनला मरण कळत न्हाई. त्याला चढणं कळतं अन् उतरणं कळतं."

"मग मी मरणाचा दाखला आणते."

"दाखल्यानं कार्ड रद्द व्हतं, पर प्रवास बंद झाल्याबिगर कार्ड रद्द व्हत न्हाई. नियमच हाय तसा." त्यानं आवाज मऊ केला. "लई सोपं काम हाय. त्यांचं कार्ड घ्या, त्याच गाडीत बसा अन् उतरताना टेकवा. गायरानला टेकवा. तुमचं घर तिथंच हाय की."

तुमचं घर तिथंच हाय की. तो हे धीर द्यायला बोलला होता, हे करुणाला कळत होतं. तरी तिला त्या काचेवर दगड मारावासा वाटला.

"माझ्या पोरीची चिठ्ठी काढून दे," ती म्हणाली.

प्रभूनं चिठ्ठी छापली. सरिताच्या पंधरा दिवसांच्या सगळ्या फेऱ्या. प्रत्येक ओळीपुढं तेच, निम्मे भाडे, निम्मे भाडे. म्हणजे पोरगी रोज जाताना आणि येताना... करुणानं तो विचार तिथंच मोडला. मग तिची नजर वरच्या कोपऱ्यावर गेली. तिथं बारीक अक्षरांत छापलं होतं, प्रत दुसरी.

"पयली कुणी नेली?"

"दर रविवारी सकाळी आठला आपोआप छापते. काकांनी तसं सांगूनच ठेवलं व्हतं."

"छापते, पर जाते कुठं?"

प्रभूनं उगाच खालचा खण उघडून बघितला. "मी नऊला खिडकी उघडतो. तवा ट्रे रिकामा असतो. मला वाटलं, तुमीच कोणाकडून तरी मागवता." मग म्हणाला, "पयले दोघींची निघायची. आता फक्त पोरीचीच निघून राहिली."

"बंद कर."

"मावशी, ते प्रमुखालाच—"

करुणानं काचेवर हात आपटला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आपल्याला इतका राग येऊ शकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तळहात लाल झाला होता, पण गार पडला नव्हता.

३

घरात तिची सासू होती, केशरबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दिवसभर ओसरीवर बसून असायची. एकुलता एक लेक गेल्यावर म्हातारी फार बोलत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मात्र सरिता दप्तर ठेवत होती, तेव्हा ती अचानक म्हणाली.

"बुधवारी गाडीतून उतरलीस. घरी वीस मिनिटं उशिरानं आलीस. कुठं व्हतीस?"

सरिताच्या हातातली वही खाली पडली. चुलीपाशी बसलेली करुणा जागच्या जागी वळली.

"मैत्रिणीला वही द्यायची होती, आजी," सरिता म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

"तुह्या बापानं." मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं म्हातारीनं सांगितलं.

करुणानं पोरीला पाणी आणायला पाठवलं आणि सासूसमोर येऊन बसली. "आत्या, चांगुणा बोलली असंल. तिनं पाहिलं असंल थांब्यावर."

"चांगुणा गोरेगावला गेली लेकीकडं. कुलूप हाय तिच्या घराला."

खरंच होतं ते. कुलूप आठ दिवसांपासून होतं, करुणा रोज त्यावरूनच जात होती.

"त्याला उतरता येईना, करुणा," केशरबाई म्हणाली. "दारापोतर येतो अन् थांबतो. गाडी थांब्यावर आली की मला इथपोतर ऐकू येतं. तू ते कार्ड टेकव. लेकरू घरी येऊ दे."

"आपल्यात भूतबित मानत न्हाईत, आत्या."

"भूत कोण म्हणलं? माझं लेकरू हाय ते."

दुसऱ्या दिवशी करुणानं किसनसिंगला गाठलं. गाडी स्टेशनवर उभी होती आणि तो बोनेट उघडून पाणी ओतत होता. मोठ्या अंगाचा, हसतमुख माणूस, पण पंधरा दिवसांत गालफडं बसली होती.

"भाऊ, खरं सांगा. गायरानला काय व्हतं?"

त्यानं डबा खाली ठेवला. "भाभी, किसी को बोलना मत. नोकरी जाएगी मेरी." मग मराठीत आला. "दार बटणाचं हाय. मधी माणूस उभा असला की मिटत न्हाई, रबर लागून परत उघडतं. हिंगोलीहून येताना गायरान आलं की दार उघडतो, माणसं उतरतात. पायरी रिकामी असते, मी स्वतः बघतो. पर दार मिटत न्हाई. पयले दोन मिनिट, मग तीन. काल सात मिनिट थांबलो. पब्लिक शिव्या देते मला." त्यानं पटका सारखा केला. "अन् त्या सीटवर कोणी बसत न्हाई. नवा माणूस बसला तर उठतो. सीट गरम लागते म्हणतात."

"दार मिटत न्हाई तवा आमची सरिता कुठं असते?"

"ती तर गायरानलाच उतरते ना, भाभी." किसनसिंगनं नजर खाली घातली. "दारातूनच जाते. अंग चोरून जाते. कोणी मधी उभं असल्यावर जाते माणूस, तशी. मी विचारलं तिला एकदा. रडायला लागली."

पोरगी घरी यातलं एक अक्षर बोलली नव्हती. बापाचं घरात बोलायचं नसतं, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

४

मंगळवारी करुणानं वसतिगृहात दुपारची रजा घेतली. सरिताला म्हणाली, आज जीपनं घरी जा. ट्रंकेतून दवाखान्यानं दिलेली पिशवी काढली. कापलेला सदरा, चष्मा, कार्ड. कार्ड घेतलं, बाकीचं परत ठेवलं.

दीडची गाडी. स्टेशनवर ती चढली आणि स्वतःचं कार्ड टेकवलं. निम्मे भाडे, प्रमुख गाडीत. मागं मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन दोन बायका बसल्या होत्या आणि एक म्हातारा झोपला होता. करुणा दाराजवळच्या त्या सीटला लागून असलेल्या आडव्या बाकावर बसली. सीटच्या रेक्झिनला मधोमध खळगा पडला होता. रेक्झिन जुनं झालं की पडतोच. गाडीनं खड्डा घेतला, सगळ्या सीटा हलल्या. तेवढी एक हलली नाही. माणूस बसलेली सीट जशी दबून राहते, तशी दबूनच राहिली.

मग तिला तो आवाज आला. नाकानं ओढलेला लांब श्वास.

अठरा वर्षं त्या श्वासानंतर ती उत्तरं शोधायची. त्या दिवशी तिनं वाट पाहिली नाही.

"काय इचारायचंय?" ती हळू, पण दात आवळून म्हणाली. "इचारा की. मीच सांगते. तेवीस मिनिटं मी चांगुणाशी बोलत उभी व्हते. हसत व्हते. तुमच्या घरात हसायला जागा नव्हती म्हणून रस्त्यावर हसत व्हते. अजून काय? तेल आणायला गेले की मी लांबच्या दुकानात जायची. चालायला मिळावं म्हणून. एवढंच व्हतं माझं चोरून करणं. एवढ्यासाठी तुमी माझी अठरा वर्षं खाल्ली. अन् आता पोरगी पायजे तुमाला!"

मासळीवाल्या बायका बघायला लागल्या. करुणाला पर्वा नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, पण ते रडणं नव्हतं.

गायरान आलं. किसनसिंगनं गाडी थांबवली आणि न वळता दाराचं बटण दाबलं. बाहेर थांब्यावर काठी टेकत केशरबाई उभी होती. शेजारच्या कुणा पोराला धरून आली असेल. तिची पांढरी बुबुळं उघड्या दाराकडं लागली होती आणि चेहऱ्यावर लेक परगावाहून आल्यासारखं हसू होतं.

"आला का रं?" म्हातारी म्हणाली. "ये. उतर."

सीट कुरकुरली आणि रेक्झिनचा खळगा सावकाश भरून आला. करुणानं ते डोळ्यांनी पाहिलं. भिवाजी केसांना लावायचा त्या तेलाचा वास तिच्या तोंडावरून गेला. पायरी खाली दबली.

"टेकव, करुणा!" केशरबाई ओरडली. "तुह्या पाया पडते!"

किसनसिंगनं बटण दाबलं. दार मधोमध आलं, अडलं, परत उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अडलं. "भाभी, लावून टाका ना. तकलीफ संपेल सगळ्यांची."

करुणा उठली. भिवाजीचं कार्ड तिच्या डाव्या मुठीत होतं. मशीन हाताच्या अंतरावर. एकदा टेकवलं की गाडी मोकळी होणार होती आणि किसनसिंग आणि म्हातारी दोघंही मोकळी होणार होती. पण गायरानला. तिच्या घरापासून सात मिनिटांवर.

"न्हाई," ती म्हणाली. "इथं न्हाई."

तिनं उजव्या हातानं दाराची कड पकडली आणि जीव खाऊन ओढली. दार आलं. मधे अडलं तिथं तिच्या दंडाला काहीतरी लागलं. कापड. कापडाच्या आत ऊब. ती मागं हटली नाही. खांदा लावून तिनं रेटलं, शिवी देऊन रेटलं. तशी शिवी तिनं आयुष्यात दिली नव्हती. दार मिटलं. पायरी वर आली.

"चला," ती म्हणाली.

मागच्या काचेतून म्हातारी लहान लहान होत गेली. रस्त्यावर बसली होती. करुणाला तिचीही दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

औंढा गेलं. मासळीवाल्या औंढ्यालाच उतरल्या, त्यांना पुढं जायचं होतं तरी. सिद्धेश्वरला गाडी पोचली तेव्हा तीन वाजले होते. धरणाची भिंत उन्हात पांढरी पडली होती आणि थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. किसनसिंगनं दार उघडलं.

करुणानं कार्ड टेकवलं. मशीन दोनदा वाजलं. प्रवास पूर्ण. पायरी एकदा दबली आणि मोकळी झाली. दार पहिल्या फटक्यात मिटलं.

गाडी वळवून घेताना तिनं एकदाच मागं पाहिलं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी उभं होतं. गाडीकडं पाठ. पाठीवरचा सदरा मानेपासून खालपर्यंत उभा फाटलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजू वाऱ्यानं उडत होत्या.

५

प्रभूनं भिवाजीचं कार्ड रद्द केलं. करुणाचे आणि सरिताचे नऊ-नऊ रुपये कापले जायला लागले. किसनसिंगच्या गाडीचं दार मिटायला लागलं. सरिता आठ दिवसांनी एकदा जेवताना हसली. केशरबाई मात्र सुनेशी बोलायची बंद झाली होती. फक्त त्या मंगळवारी, करुणा घरात शिरताना, तिनं विचारलं होतं, "कुठं उतरवलंस?"

"सिद्धेश्वरला."

"मग येईल चालत," म्हातारी म्हणाली होती. "रस्ता ठाव हाय त्याला."

जानेवारी अर्धा सरला. लखमा नावाचा एक काळीपिवळीवाला त्या रस्त्यानं जीप चालवायचा. एका सकाळी करुणा त्याच्या जीपमध्ये होती, तेव्हा तो शेजारच्याला सांगत होता. औंढ्याच्या अलीकडं एक येडा दिसला. रस्त्याच्या कडंनं चाललेला, सदरा पाठीवर फाटलेला. "मागून आलो तवा त्याची पाठ दिसली. बराबर हाय. पुढं निघून आरशात पाहिलं, तरी पाठच. तोंड कसं दिसंना म्हणतो मी!"

"उन्हात चुकला असशील," शेजारचा म्हणाला.

करुणानं शब्दन् शब्द ऐकला. सदरा पाठीवर कापलाय हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी लखमाला तो पुन्हा दिसला, दोन गावं अलीकडं. मग कालव्याच्या पुलावर. मग कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी. जिनिंगपासून गायरान दीड कोस. करुणानं मनाशी सतरा वेळा म्हणून पाहिलं, येडाच असेल, रस्त्यावर येडे काय कमी असतात? आणि सतरा वेळा तिला त्याच सीटचा खळगा भरून येताना दिसला.

पळून जायचं तिच्या मनात आलं. माहेर परभणीकडं, पोरीला घेऊन जाता आलं असतं. मग तिला वाटलं, काय म्हणून? घर मी चालवलं. भिंती मी लिंपल्या. पोरीची परीक्षा महिन्यावर आली. मी काहून पळू?

शनिवारी शाळा-कॉलेज लवकर सुटलं. सरिता घरी येऊन अभ्यासाला बसली. केशरबाई ओसरीवर होती. त्या दिवशी रजा घेतलेल्या करुणानं अंगण शेणानं सारवलं, हात धुतले आणि भर दुपारी रस्त्यानं जिनिंगच्या दिशेनं चालायला लागली.

रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना हरभरा. अर्धा कोस गेल्यावर समोर उन्हाच्या झळांत एक आकृती दिसली. सदऱ्याच्या दोन बाजू पंखांसारख्या हलत होत्या. पाठ तिच्याकडं होती, म्हणजे तो तिकडं, लांब चालला असला पाहिजे. ती थांबली. आकृती मोठी होत होती.

पाठमोरा, उलटा चालत तो येत होता. चवडे आधी, मग टाचा. सावकाश, रस्ता पाठ असल्यासारखा.

करुणा घाबरली, हे खोटं का सांगावं? पण ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"थांबा!" ती ओरडली. "पुढं तुमचं कोणी न्हाई. तुमची आई हवं तर माझ्यावर रागावून मरंल, मी तिला सांभाळते. पोरीच्या वाटंला जायचं न्हाई. ऐकू येतंय का? एक पाऊल पुढं टाकलं तर याद राखा!"

तो थांबला. वीसेक पावलांवर. कापलेल्या सदऱ्यातून पाठीचा कणा दिसत होता, खाली मान. मान किंचित हलली, ऐकायला वळावी तशी. करुणाला वाटलं, आता तोंड दिसणार. तिनं नजर हटवली नाही.

तेवढ्यात मागून ट्रकचा भोंगा वाजला. तिनं बाजूला उडी मारली, ट्रक धुरळा उडवत त्याच्या दिशेनं निघून गेला. धुरळा बसला तेव्हा रस्ता रिकामा होता. हरभऱ्यात, बांधावर, कुठं कुणी नाही.

ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग तिला हसू आलं. घाम पुसला, आणि परतीची वाट तिनं जवळजवळ पळतच तोडली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला थांब म्हटलं होतं आणि तो थांबला होता.

अंगणात केशरबाई सारवणावर उकिडवी बसली होती. बोटांनी जमीन चाचपत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"येऊन गेला गं," ती म्हणाली. त्या मंगळवारपासून पहिल्यांदाच सुनेशी बोलत होती. "मला कळलंसुदिक न्हाई. बघ, पावलं बघ. बोटं रस्त्याकडं हायेत. गेलं माझं लेकरू. जा बाबा, सुखानं जा."

करुणानं पाहिलं. ओल्या शेणावर अनवाणी मोठ्या पावलांची एकच रांग होती. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत. बोटं रस्त्याकडं, टाचा घराकडं. प्रत्येक ठशात चवडा आधी रुतला होता, उलट्या चालीनं आत आल्यासारखा.

आत सरिता मोठ्यानं पाठ करत होती. ते वाचणं मधेच तुटलं. मग पोरीचा बारीक, कापरा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "दहाच मिनिटं... वही द्यायची होती फक्त..."

करुणानं पदर कमरेला खोचला. पायातल्या चपला तिनं काढल्या नाहीत. तशीच उंबरा ओलांडून आत गेली आणि दार मागं लावून घेतलं.